बांधाच्या अलीकडचे आणि पलीकडचे

खानदेशात आखाजी आणि मराठवाड्यात पाडवा या सणांना शेतीच्या हिशेबात जुनं स्थान आहे. सालदार म्हणा, सालगडी म्हणा, वर्षभराच्या कामाला राहिलेल्या माणसाचं साल त्या दिवशी संपायचं आणि नवं ठरायचं. रोख किती, धान्य किती, उचल किती, मागच्या सालातले खाडे किती, हे बोलणं मालकाच्या ओसरीवर चालायचं. आता त्या दिवसांत गावोगाव एकच वाक्य कानावर येतं : गडी मिळत नाही. मिळतो तो बहुधा पन्नाशी उलटलेला असतो आणि ज्याच्याकडे तो राहणार तो मालक सत्तरीकडे झुकलेला. दोघांचीही मुलं गावात नसतात.

हे पुस्तक या दोघांविषयी आहे.

सालगडी पद्धत मोडते आहे याचं मला दुःख नाही. उचल फिटत नाही म्हणून माणूस पुढचं साल त्याच दारात काढतो आणि त्याच्यामागे त्याचा मुलगाही तिथेच राबतो, हे या महाराष्ट्रात फार काळ चाललं. वेठबिगारीवर बंदी घालणारा कायदा १९७६ साली आला, तरी उचलीचा फास पुष्कळ ठिकाणी पुढेही तसाच राहिला. सालगड्याचा मुलगा आज पिकअप चालवतो किंवा चाकणच्या कारखान्यात कंत्राटी कामगार असतो, ही त्याच्या घराची पुढे पडलेली पावलं आहेत. त्याच्या जाण्याने मालकाची अडचण झाली म्हणून ते जाणं चुकीचं ठरत नाही. ‘मजूरटंचाई’विषयी जे बोललं आणि लिहिलं जातं ते जवळपास सगळं बांधाच्या एकाच बाजूने, आणि माझी पहिली तक्रार तीच आहे. पलीकडच्या बाजूने पाहिलं की गोष्ट पुरती वेगळी दिसते.

आधी आकडे पाहू, कारण ते बुचकळ्यात टाकणारे आहेत. १९५१ च्या जनगणनेत देशात सुमारे ७ कोटी शेतकरी आणि २.७ कोटी शेतमजूर होते. २०११ मध्ये शेतकरी ११.९ कोटी आणि शेतमजूर १४.४ कोटी. त्याआधीच्या दहा वर्षांत शेतकऱ्यांची संख्या चक्क घटली होती आणि मजुरांची पावणेचार कोटींनी वाढली होती. महाराष्ट्रातही २०११ मध्ये शेतकरी सुमारे १.२६ कोटी आणि शेतमजूर सुमारे १.३५ कोटी होते. म्हणजे शेतकऱ्यापेक्षा शेतमजूर जास्त, आणि तरीही मजूर मिळत नाही. हे दोन्ही खरं आहे. ते एकाच वेळी कसं खरं असू शकतं, हे समजून घेण्यासाठी कामाचा हंगाम, पिकाची जात, जमिनीचा आकार आणि माणसाचं वय या चारही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. पहिल्या तीन गोष्टींवर आपल्याकडे बरंच लिहिलं गेलं आहे. वयाकडे मात्र कोणी फारसं पाहिलेलं नाही.

जमिनीचं थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात १९७०-७१ मध्ये सरासरी वहितीखातं ४.२८ हेक्टरचं होतं. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आलं. एवढ्याशा तुकड्याला मजूर कशाला लागतो, घरची माणसं पुरतील, असं कागदावर वाटतं. पण घरची माणसं म्हणजे कोण? सातबाऱ्यावर नाव वडिलांचं किंवा आजीचं, थोरला पुण्याला, धाकटा वापीला, नातवंडं तालुक्याच्या गावी शिकायला. एकर-दीड एकराचं खातं आणि त्यावर साठी-सत्तरीचं एक जोडपं, असं चित्र पश्चिम महाराष्ट्राच्या जिरायती पट्ट्यात कुठेही दिसेल. २००३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या सुमारे ४० टक्के शेतकऱ्यांनी दुसरा पर्याय असता तर शेती सोडली असती, असं सांगितलं होतं. पर्याय शोधायला त्यांची मुलं बाहेर पडली आणि हे मात्र शेतातच राहिले.

कोकणात हे सगळ्यांत आधी घडलं, म्हणून तिथे थोडं थांबायला हवं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या भराभर वाढत असताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या कमी झाली. रत्नागिरीची सुमारे १७ लाखांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. त्याच जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. पुरुष मुंबईला, घर बायकांवर आणि म्हाताऱ्यांवर, हे गिरण्यांच्या काळापासूनचं. पण पूर्वीचा चाकरमानी लावणीला निदान येऊन जायचा आणि शेवटी पेन्शनीत गावी परतायचा. आता तो गणपतीला येतो, शिमग्याला येतो, भाताच्या चिखलणीला येत नाही. खाचरं पडीक राहतात. त्यांच्यात गवत वाढतं, मग करवंदं, मग रानडुकरं आणि माकडं जवळ येतात आणि शेजारी जो अजून भात लावतो त्यालाही ते अवघड होतं. शेती सोडणं असं एका घरापुरतं राहत नाही. आंब्याच्या बागा तेवढ्या टिकल्या, कारण त्यात पैसा आहे. पण देवगड-रत्नागिरीच्या बागांत राखण, फवारणी आणि काढणीला आज नेपाळहून आलेली माणसं आहेत. बागेच्या मांगरात ती कुटुंबासह राहतात. त्यांच्या गावातली पायऱ्यांची शेती त्यांच्या आईबापांच्या अंगावर पडलेली आहे. आपण आपल्या म्हाताऱ्यांची अडचण त्यांच्या म्हाताऱ्यांकडे ढकलली आहे आणि हे कुठल्याच हिशेबात धरलेलं नाही.

या प्रश्नाचं मूळ मला जिथे दिसतं ती गोष्ट आता सांगतो. लहान शेतकऱ्याच्या रानात पूर्वी पैसे देऊन मजूर फार थोड्या वेळा लावला जायचा. लहान शेतकरी एकमेकांची कामं करत. कुठे त्याला वारंगुळा म्हणत, कुठे सावड, कुठे पैरा, कुठे इर्जिक. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात महादेव कोळी मंडळी भातखाचरांची कामं पडकईने करत. आज तुझ्या रानात दहा माणसं, परवा माझ्या रानात तीच दहा. पैसा लागायचा नाही, जेवणखाण असायचं आणि काम उरकायचं. ही व्यवस्था मोडली तेव्हा माणसं स्वार्थी झाली, गावात एकी राहिली नाही, असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. पैरा फेडावा लागतो आणि तो अंगमेहनतीनेच फेडावा लागतो. ज्या घरात सत्तरीचा म्हातारा आणि गुडघे गेलेली म्हातारी उरली आहे, त्यांनी दहा जणांना बोलावलं तर त्या दहा जणांच्या रानात जायचं कोणी? एका वर्षी लोक येतील, दुसऱ्या वर्षीही येतील. तिसऱ्या वर्षी म्हाताऱ्यालाच संकोच वाटतो आणि तो रोजाने माणसं लावतो. गावात अशी घरं निम्म्यावर गेली की उरलेल्यांचाही फेर मोडतो. जमीन तेवढीच, पीक तेच, पण जे काम परतबोलीवर होत होतं त्याला आता रोख मजुरी लागते. खातं लहान होत गेलं तरी मजुराची मागणी का वाढली, याचं सगळ्यांत मोठं कारण मला हेच वाटतं.

मागणी वाढते तीही वर्षभर सारखी नाही. विदर्भ-मराठवाड्यात ऑक्टोबर आला की सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची पहिली वेचणी एकाच वेळी अंगावर येते, त्यात दिवाळी. सोयाबीन वाळलं की शेंगा तडकून दाणे रानात पडतात आणि परतीचा पाऊस आला तर उभं पीक काळं पडतं. पंधरा दिवसांत सगळ्या गावाला एकदम माणसं हवी असतात. पुढे उन्हाळ्यात त्याच माणसांना कोणी विचारत नाही. कापसाचं तर यंत्रानेही फारसं भागलेलं नाही. आपल्याकडच्या वाणांची बोंडं एकदम फुटत नाहीत. तीन-चार वेळा वेचणी करावी लागते आणि ती बायका कमरेला ओटी बांधून, वाकून, किलोच्या भावाने करतात. नाशिकच्या द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीनंतर फेलफूट काढणं, घड द्रावणात बुडवणं, मणी विरळणं ही कामं ठरलेल्या दिवशीच व्हावी लागतात. दोन दिवस उशीर झाला तर मालाची प्रत जाते. म्हणून पेठ, सुरगाणा, हरसूल या आदिवासी भागांतून माणसं निफाड-दिंडोरीला आणावी लागतात आणि गिरणाऱ्यासारख्या गावात पहाटे मजुरांचा बाजार भरतो.

मजुराअभावी पिकंच बदलली, हे मात्र शहरातल्या वाचकाला सहसा ठाऊक नसतं. रब्बीच्या ज्वारीचं उदाहरण घ्या. भाव नाही म्हणून ज्वारी गेली असं म्हणतात आणि ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की ज्वारी हाताने उपटावी लागते. धांडा मुळासकट ओढायचा, पेंढ्या बांधायच्या, कणसं खुडायची, कडबा रचायचा. तळहात सोलवटून निघतात. सोलापूर, बीड, अहिल्यानगरच्या पट्ट्यात तरणी माणसं हे काम टाळू लागली आणि म्हाताऱ्यांना ते झेपेना. मग ज्वारीच्या जागी यंत्राने निघणारा हरभरा आला, पाणी असेल तिथे ऊस आला. ज्वारी गेल्याने कडबा गेला, कडबा गेल्याने दावणीचे बैल गेले आणि बैल गेल्याने ट्रॅक्टरचं भाडं आलं. आज बाजारात चांगल्या ज्वारीचा भाव गव्हाच्या वर असतो तो या सगळ्या साखळीमुळे.

आता बांधाच्या पलीकडे जाऊ. खुरपणीला आलेल्या बायकांची ओळ नीट पाहा. तीत तिशीच्या आतल्या किती असतात? मुली शाळेत गेल्या, लग्न होऊन शहरात गेल्या, काही शिलाईला, काही तालुक्याच्या दुकानात कामाला लागल्या. ओळीत उरल्या आहेत त्या चाळिशी-पन्नाशीच्या आणि पुढच्या. २०२३-२४ च्या श्रमबल पाहणीनुसार ग्रामीण भारतात काम करणाऱ्या पुरुषांपैकी निम्म्याहून कमी शेतीत आहेत. स्त्रियांपैकी मात्र सुमारे ७७ टक्के शेतीतच आहेत. पुरुष शेतीतून बाहेर पडले, स्त्रियांना तशी वाट सापडली नाही. मजूरटंचाईच्या सगळ्या आरडाओरडीत बाईचा रोज अजूनही गड्याच्या रोजाहून बराच कमी राहतो. जिन्नस खरोखर टंचाईचा असेल तर त्याला चांगला भाव मिळायला हवा होता.

रोजंदारीची जागा आता उक्त्या कामाने, गुत्त्याने घेतली आहे. एकराचा भाव ठरतो, टोळी येते, झपाट्याने काम करून दुसऱ्या रानात जाते. टोळीतल्या तरण्या बायकांना यात रोजापेक्षा जास्त पैसे सुटतात आणि मालकाला मागे उभं राहावं लागत नाही. दोघांचाही फायदा खरा आहे. पण टोळीला चपळ हात हवे असतात, मागे पडणारी बाई सगळ्यांची कमाई कमी करते, म्हणून साठीच्या बाईला टोळी घेत नाही. मग तिला काम उरतं ते रोजाचं, आणि रोजाने बाया लावतो तो ज्याला टोळी परवडत नाही असा म्हातारा शेतकरी. थकलेला मालक आणि थकलेली मजूर एकमेकांच्या वाट्याला येतात. तो म्हणतो काम होत नाही, ती म्हणते पैसे वेळेवर मिळत नाहीत. दोघांचंही म्हणणं खरं असतं.

ऊसतोडीत वयाचा हिशेब आणखी क्रूर आहे. तिथे मोजणी माणसाची नाही, कोयत्याची होते. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यावर मुकादमाची उचल, आणि टनावर मजुरी. दसऱ्यानंतर आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणीकडची गावं रिकामी होतात आणि मागे म्हातारी माणसं व लहान पोरं राहतात. घरच्या कोरडवाहू तुकड्याची रब्बी, दारची जनावरं आणि नातवंडांची शाळा हे सगळं त्या म्हाताऱ्यांवर. सांगली-कोल्हापूरच्या उसाला तरणे हात मिळावेत म्हणून बीडची शेती म्हातारी झाली आहे. जे तोडीला जातात त्यांचंही तारुण्य कागदावरच राहतं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं आणि त्यांतल्या कित्येक चाळिशीच्या आतल्या होत्या. पाळीच्या दिवसांत खाडा पडतो, खाड्याचे पैसे कापले जातात, फडात संडास नाही, पाणी नाही. हे ठाऊक असताना तोडणीला माणसं मिळत नाहीत असं म्हणायला जीभ धजावू नये.

यावर नेहमी ऐकू येणारं एक उत्तर आहे : रेशनचं धान्य फुकट मिळतं, खात्यावर पैसे येतात, म्हणून लोक कामाला येत नाहीत. हे मी शेतकऱ्यांच्या तोंडून फार वेळा ऐकलं आहे आणि ते म्हणणाऱ्यांविषयी मला राग नाही. ते खरोखर अडचणीत असतात. पण जरा आकडा पाहा. २०१८-१९ च्या पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होतं. त्यात पिकांतून आलेले ३,७९८ आणि मजुरी-पगारातून आलेले ४,०६३ रुपये. शेतकऱ्याच्या घरात पिकापेक्षा मजुरीचा पैसा जास्त येतो. रेशनने मजूर आळशी झाला असेल तर शेतकरी आधी झाला असता, कारण रांगेत तोही उभा असतो. खरं झालं आहे ते असं, की घरात महिन्याचे दाणे आहेत म्हटल्यावर बाई पडेल त्या भावाला हो म्हणत नाही. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पाग्यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीने हेच केलं होतं. तेव्हाही बागायतदारांनी मजूर मिळत नाहीत अशी तक्रार केली होती. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला, १९७९ पासून लागू झाला, आणि महाराष्ट्राची शेती त्याने बुडाली नाही.

यंत्र आणि फवारणीविषयी एकच सांगतो. तणनाशकाने खुरपणीच्या बायकांची जागा घेतली, पंप पाठीवर घेऊन फवारणारा मजूर मात्र राहिलाच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. मेहनत कमी करणाऱ्या साधनाने जोखीम अखेर मजुराच्याच अंगावर टाकली.

म्हाताऱ्या शेतकऱ्याने मजुराच्या मागे लागण्यापेक्षा जमीन तरण्या माणसाला कसायला का देऊ नये, असा प्रश्न वाचकाला पडेल. तो देतोच, पण चोरून. १९४८ च्या कुळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने हजारो कुळं मालक झाली. तो न्याय होता. पण त्या आठवणीने जमीनधारकाच्या मनात बसलेली भीती तिसऱ्या पिढीतही गेलेली नाही. म्हणून बटई, अर्धेली, मक्ता, ठोका हे सगळं तोंडी चालतं. दरवर्षी माणूस बदलायचा, पीकपाण्याला नाव लागू द्यायचं नाही. कसणाऱ्याला पीककर्ज नाही, नुकसानभरपाई म्हाताऱ्याच्या खात्यावर. अशा जमिनीत शेणखत टाकायला, बांध घालायला कोण तयार होईल? कुळाचा न्याय शाबूत ठेवून लेखी, मुदतीचा भाडेकरार सोपा करणं हे काम राज्याने कधीच करायला हवं होतं.

जपानमध्ये २०२० च्या गणनेत मुख्यतः शेती करणाऱ्यांचं सरासरी वय ६७.८ वर्षं भरलं. आपण त्या दिशेने चाललो आहोत असं भाषणांत सांगतात. फरक एवढाच की तिथला म्हातारा छोटं यंत्र चालवतो आणि त्याला निवृत्तिवेतन मिळतं. आपल्याकडे प्रधानमंत्री किसान मानधन योजना २०१९ मध्ये आली, साठीनंतर महिना ३,००० रुपये. तिच्यात नाव नोंदवायचं वय १८ ते ४०. असंघटित कामगारांच्या मानधन योजनेलाही हीच वयाची अट. म्हणजे आज जे म्हातारे आहेत, ते शेतकरी असोत की शेतमजूर, दोन्हींतून बाहेर. शेतकऱ्याला सन्मान निधीचे हप्ते मिळतात, तेही सातबाऱ्यावर नाव असेल तर. जमीन नसलेल्या मजुराला दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असलं किंवा उत्पन्न अगदीच कमी असलं तर पासष्टीनंतर श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये.

केरळने शेतमजुरांसाठी १९७४ मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि १९८० मध्ये त्यांना पेन्शन सुरू केली. रक्कम लहान होती, पण चाळीस वर्षं दुसऱ्याच्या रानात वाकलेल्या माणसाचा तो हक्क आहे हे त्या राज्याने मान्य केलं. आपल्याकडे हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा झाला, तो देशात आदर्श ठरला. पाठीवर पोतं वाहणाऱ्याला जे संरक्षण मिळालं ते त्या पोत्यातला दाणा काढणाऱ्या बाईला अजून मिळालेलं नाही. पुढच्या प्रकरणांत पिकांचे, टोळ्यांचे, उचलींचे आणि भाड्यांचे तपशील आहेत. ते वाचताना प्रत्येक ठिकाणी त्या माणसाचं वय विचारावं, एवढी वाचकाला विनंती आहे. मजुरीचे दर त्या त्या हंगामाचे आणि त्या त्या गावचे आहेत. बायकांचे आणि गड्यांचे दर मुद्दाम वेगळे दिले आहेत, त्यांची सरासरी काढलेली नाही.